परळातला वड

कणकेची गोळी अंगठ्याखाली फिरत होती — आधी बोराएवढी, मग हरभऱ्याएवढी, आणि आता तिला एक टोकही आलं होतं, नेमकं त्या भोकात जाईल असं... प्रेमलाने गोळी उजेडाकडे धरली. पुरणपोळीसाठी भिजवलेली कणीक, तेलाचा हात लावून झाकून ठेवलेली, तिच्यातूनच तिने चिमूटभर तोडून घेतली होती; म्हणजे देवाच्या नैवेद्यातली चोरी झाली. पण सकाळपासून इतक्या गोष्टी एकावर एक चढत चालल्या होत्या की त्यात ही आणखी एक, असं म्हणून तिने ते सोडून दिलं. समोर न्हाणीच्या कट्ट्यावर परळ होतं. मातीचं, पसरट, तांबडं, कडेला एके ठिकाणी टवका उडालेलं. त्यात वीतभर उंचीचा वड. खोड अंगठ्याएवढं जाड, उजवीकडची फांदी खडा बांधून वाकवलेली, पानं मात्र अंगापेक्षा मोठी, थोरल्या भावाचा सदरा घातलेल्या मुलासारखी. आणि खालच्या फांदीतून परवाच एक गुलाबी टोक बाहेर आलं होतं, तांदळाच्या कणीएवढं. पहिली पारंबी! हे तिने अजून कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगून समजणार कुणाला होतं?

तिने परळ तिरकं केलं, खालून बोट फिरवलं. भोक सापडलं. गोळी त्यात दाबली, अंगठ्याने सारखी केली, ओल्या बोटाने तिच्यावर माती फासली. आता वरून ओतलेलं पाणी खाली येणार नव्हतं. बायका येतील, पूजा करतील, जातील. दुपारी सगळं सामसूम झालं की गोळी काढून टाकायची...

"प्रेमला, काय करून राहिलीस ग आत? बायका यायची वेळ झाली की!"

थोरली जाऊ, सिंधुअक्का. आवाज पडवीतून आला, म्हणजे अक्का चौरंगाभोवती रांगोळी काढत असणार. "आले, अक्का," असं म्हणून प्रेमलाने पदराने परळाची कड पुसली, आणि पुसता पुसता तिला हसू आलं. महिन्यामागे हीच अक्का म्हणाली होती की ह्या खुरट्या झाडांनी घराची वाढ खुंटेल, नेऊन गोदावरीत सोड सगळी. आणि आज त्या खुरट्यांतलाच एक चौरंगावर बसणार होता, नवरदेवासारखा.

त्या ज्येष्ठात नांदेडच्या बायका घराबाहेर फारशा पडत नव्हत्या. दिवस वाईट होते. निजामाचं राज्य राहणार की जाणार यावर पुरुष ओट्यावर हळू आवाजात बोलत, कुणी आलं की गप्प होत. स्टेशनावरून एखादं कुटुंब बोचकी घेऊन वऱ्हाडात नाहीतर सोलापूरकडे निघून जाई आणि गल्लीत आणखी एका दाराला कुलूप दिसे. नदीकाठच्या जुन्या वडाकडे यंदा बायकांनी जायचं नाही, असं पुरुषांनी ठरवून टाकलं. फांदी तोडून आणायलाही कुणी पुढे होईना. मग पाटावर चंदनाने वड काढून पुजू या, असं कुणीतरी सुचवलं, आणि तेव्हा अक्का एकदम म्हणाली, "चंदनाचा कशाला? आमच्या प्रेमलेचा जिता वड हाय की घरात!" आमच्या प्रेमलेचा! ते ऐकून ती इतकी हरखली की भोकाची आठवण तिला नंतर, भांडी घासताना झाली, आणि हातातली राख हातातच राहिली.

कारण भोक पाडलेलं मडकं एकाच कामाला लागतं. बायका स्मशानात जात नाहीत, पण माहीत सगळ्यांना असतं — चितेभोवती फिरताना खांद्यावरच्या मडक्याला दगडाने भोक पाडतात, पाण्याची धार लागते, मग मडकं मागे टाकून देतात. घरात नवं मडकं आणलं तर ते पाणी भरून आधी पाहतात, झिरपलं तर परत करतात. सवाष्ण बाईने आपल्या हाताने, आपल्या घरात, मातीच्या भांड्याला भोक पाडायचं? वेड लागलं तरी पाडणार नाही. आणि मी पाडलं. एक नव्हे, सहा परळांना पाडलं. आणि आज त्यांतल्याच एकासमोर गल्लीतल्या सवाष्णी आपापल्या नवऱ्याचं आयुष्य मागायला येणार...

हे सगळं एका कागदापासून सुरू झालं. मागच्या भिंतीपलीकडे पाशामियाँ राहत, शिवणकाम करत. त्यांची बायको जोहरा प्रेमलाच्याच वयाची. लढाईच्या आधी जपानी कापडाचे तागे येत, त्यांवर रंगीत चित्राचा कागद चिकटवलेला असे. तसला एक कागद जोहराने पेटीच्या झाकणाला आतून लावला होता. उथळ तबकात एक झाड. लहान, पण रोप नव्हे; म्हातारं झाड, वाऱ्याने एका बाजूला कललेलं, मुळं जमिनीवर बोटांसारखी पसरलेली, आणि हे सगळं हातात उचलून घेता येईल एवढं. प्रेमला भिंतीपाशी उभी राहून ते बघतच राहिली. त्या दिवशी आमटी करपली. रेणुकादास — तिचे यजमान, सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, गणित शिकवायचे — काही न बोलता जेवले, आणि तिला मात्र करपल्याचं वाईटसुद्धा वाटलं नाही.

लग्न होऊन आल्यापासून तिच्या हातून होणारं सगळं संध्याकाळपर्यंत संपून जायचं. पोळ्या खाल्ल्या जायच्या, सारवण पावलांनी उडायचं, घासलेला तांब्या पुन्हा काळा पडायचा. मुलगा होता, तो शिकायला हैदराबादला गेला, आणि सुट्टीत आला तरी पाहुण्यासारखा ताटावर बसे. तक्रार नव्हती. पण त्या कागदावरच्या झाडापाशी कुणीतरी वर्षानुवर्षं बसलं होतं, हे तिला चित्रातून दिसलं, आणि तिला त्या अनोळखी माणसाचा हेवा वाटला. खराखुरा, शेजारणीच्या पाटल्यांचा वाटतो तसला.

मग ती भिंती बघत हिंडू लागली. कावळ्यांनी टाकलेल्या बियांतून भिंतींच्या भेगांत काय काय उगवतं ते तिला तोपर्यंत माहीतच नव्हतं. न्हाणीच्या मागे पिंपळ, देवळाच्या कठड्यात उंबर, चिंच तर उकिरड्यावरच उगवलेली. कुंभाराकडून परळं आणली, त्यांत माती भरली, रोपं लावली आणि भक्तिभावाने पाणी घातलं. इतकं, की पहिल्याच श्रावणात सगळी कुजून गेली. मुळं काळी, बुळबुळीत, वास येणारी. पिंपळाची तर आणखीच तऱ्हा! पिंपळाला शनिवारखेरीज शिवायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. म्हणून बाकीचे दिवस ती लांब दांड्याच्या पळीने, हात आखडून, दुरून पाणी घाली, आणि कात्री फक्त शनिवारी लावी. पिंपळ शुक्रवारी मेला. शिवायचा वार उजाडेपर्यंत ती त्याला उपटूही शकली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि अक्का म्हणाली, "झाडासाठी रडून राहिली का? ऐकावं ते नवल."

आणि तेव्हाच जोहराच्या अंगणात, तडा गेलेल्या घागरीत पुदिना नुसता फोफावला होता. तीच माती, तोच पाऊस. घागरीच्या तड्यातून पाणी झिरपत होतं, बाहेर शेवाळ आलं होतं, आणि पुदिना... प्रेमला एक दिवस बघत राहिली, दोन दिवस बघत राहिली, आणि मग तिला कळलं. आणि कळल्याबरोबर ती घाबरली. कळलेलं विसरून जाता आलं असतं तर तिने विसरायचा प्रयत्न केला असता. पण तोवर विहिरीच्या कठड्यातून तिने वडाचं एक रोप सोडवून आणलं होतं, मुळांना चिंधी गुंडाळून, आणि ते, आणि चिंच-उंबराची नवी रोपं, लावायची होती.

दोन वर्षांमागच्या फाल्गुनात, अक्का कीर्तनाला गेलेली असताना, तिने भिंतीपलीकडे जाऊन जोहराच्या अंगणात परळांना भोकं पाडली. जोहराने परळ पाण्यात दाबून धरलं, प्रेमलाने खिळा फिरवला. "हौले, बाजी, हौले," जोहरा म्हणत होती, "फूटा तो फूटा, डरते कायकू?" फुटण्याची भीती नव्हती मला, जोहरा. न फुटता भोक पडण्याची होती. खिळा आरपार गेला तेव्हा बोटाला खालून पाणी लागलं.

आणि चैत्रात रेणुकादासांना मुदतीचा ताप आला.

त्या दिवसांकडे तिचं मन आजही तिरकंच बघतं. ओल्या पट्ट्या, वैद्यांचा काढा, अक्काचं देवापाशी बसणं... आणि न्हाणीमागे ओळीने मांडलेली ती सहा परळं. एका संध्याकाळी ताप उतरेना, वैद्य बोलेनासे झाले, तेव्हा ती वरवंटा घेऊन मागे गेली होती. सगळी फोडून टाकायची. वरवंटा वर उचललेला, आणि समोर वडाला एक नवं पान फुटत होतं, तांबूस, अजून गुंडाळलेलं. वरवंटा तसाच घेऊन ती परत आली. नवऱ्याच्या जिवापुढे एक पान! असली कसली बाई मी? हा प्रश्न तिने स्वतःला पुष्कळदा विचारला होता. रेणुकादास बरे झाले. भात मागून जेवले. तिने मात्र त्यांना त्यातलं काहीच सांगितलं नाही.

"अगं, आण की तो वड!"

तिने परळ दोन्ही हातांनी उचललं आणि पडवीत नेऊन चौरंगावर ठेवलं.

बायका बसल्या होत्या, नथी, शालू, ओटीचे गहू, आंब्यांची वाणं. बाहेरच्या दाराला आतून कडी होती आणि त्यामुळे सगळ्यांनाच जरा चोरून खेळायला बसल्यासारखं झालं होतं. वड बघून गलका उडाला. "अगंबाई, पानं बघा, अगदी खरी!" "बाहुलीचा वड!" सावकारांच्या लक्ष्मम्मा, देगलूरकडच्या, अंगाने भारदस्त, त्यांनी चष्मा नाकावर सरकवून झाड सगळीकडून पाहिलं आणि म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमी वाढवला ह्याला? बघा तरी, लई देखणा हाय वो." गल्लीतली सगळ्यात नवी सून, इंदू, हात पाठीशी धरून वाकून बघत होती, हात लावला तर रागावतील या भीतीने. प्रेमलाचा चेहरा तापला. मान खाली घालून ती हळदीकुंकवाची कोयरी पुसत राहिली, पण आत काहीतरी उड्या मारत होतं. बघा, बघा अजून. ती डावी फांदी बघा, तिला वळण द्यायला वर्ष गेलं. खालचं गुलाबी टोक दिसतंय का कुणाला? नाही ना? नसू दे!

पूजा सुरू झाली. पहिला मान अक्काचा. तिने हळद वाहिली, कुंकू वाहिलं, दूध घातलं, तांब्याभर पाणी घातलं, आणि सूत घेऊन वडाभोवती फेरे धरले. चौरंगाभोवती फिरायला जागा थोडी, म्हणून बायका मागे सरकल्या. सूत खोडाला आवळत गेलं, एकदा, दोनदा, सातदा. मग लक्ष्मम्मा. पुन्हा दूध, पुन्हा पाणी, पुन्हा सूत. परळ काठोकाठ भरलं. वर कुंकवाचा तवंग, त्यात एक झेंडूची पाकळी गोल फिरत होती. दुपारपर्यंत. फक्त दुपारपर्यंत, प्रेमला मनात म्हणत होती, एवढा वेळ तू धर, मी तुला...

"बायांनो, ऐका," अक्का हात जोडून म्हणाली, आणि तिचा आवाज खरोखर भरून आला होता, "आता हा देव झाला. आजपासून हा माझ्या देवघरात ऱ्हाईल. रोज पाणी, रोज दूध मी घालीन. सूत आपोआप गळेल तवा गळेल. तोवर कुणी हात लावायचा न्हाई. प्रेमला, तुझी कात्रीबित्री आता बंद, बरं का."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी म्हणालं, प्रेमलाचं भाग्य.

भाग्यच की. काल ज्याला गोदावरीत सोडायचं होतं त्याला आज देवघरात जागा मिळाली, याहून आणखी काय पाहिजे? मिरवायचं असेल तर यापरतं मिरवणं नव्हतं. आणि तरी प्रेमला मनात दिवस मोजू लागली. रोज दूध, रोज पाणी, आणि खाली कणकेची गोळी, फुगलेली, घट्ट. खोडाला आवळलेलं सूत. झाड जाड होत जाणार आणि सूत सालीत रुतत जाणार. गुलाबी टोक काळं पडणार. पंधरवड्यात पानं पिवळी होतील, आणि मग ह्याच बायका म्हणतील की देवाचा कोप झाला... किंवा काहीच म्हणणार नाहीत, मेलेला वड नदीत सोडून येतील आणि पुढच्या वर्षी चंदनाचा काढतील. मी गप्प बसले की सगळं छान आहे. गप्प बसायला काय लागतं? आजवर गप्पच तर बसले.

पाण्यावर एक बुडबुडा आला. अगदी लहान, खोडाला चिकटून. मग दुसरा. झाडाच्या मुळांपासून वर येत होते ते, मातीतली उरलीसुरली हवा बाहेर पडत होती, आणि ते फक्त तिला दिसत होतं, कारण इथे बसलेल्यांपैकी फक्त तिनेच झाड बुडताना पाहिलं होतं. इंदू तांब्या घेऊन पुढे झाली.

"थांब," प्रेमला म्हणाली.

ती उठली कधी आणि चौरंगापाशी गुडघे टेकले कधी, हे तिला कळलं नाही. एका हाताने तिने परळ उचललं. "अगं, हलवू नको, हलवू नको!" असं कुणी ओरडलं. तिने खालून बोट घातलं. गोळी फुगून बसली होती, निघेना. बोट निसटलं, पुन्हा घातलं. मग अंबाड्यातला आकडा उपसून तिने तो भोकात खुपसला आणि फिरवला, त्या फाल्गुनातला खिळा फिरवावा तसा. आणि कणकेचा लगदा बाहेर आला, आणि त्याच्यामागून पाणी. हळदीचं, कुंकवाचं, दुधाचं पाणी, जाड धारेने चौरंगावर, चौरंगावरून अक्काच्या रांगोळीवर, रांगोळीतून बायकांच्या पावलांपर्यंत. सगळ्या उभ्या राहिल्या.

"भोक?" अक्का म्हणाली. "भांड्याला भोक हाय?"

"हाय," प्रेमला म्हणाली. "मीच पाडलं."

"सवाष्ण बाई तू..." अक्का पुढे आली. मग एकदम तिच्या काहीतरी ध्यानात आलं, आणि तिचा चेहराच बदलला. "कधी पाडलंस?"

खोटं बोलता आलं असतं. काल पाडलं म्हणता आलं असतं. "दोन वर्षं झाली. फाल्गुनात."

"आणि चैत्रात माझा दीर अंथरुणाला खिळला!" अक्काचा आवाज चिरकला. "मी देवापाशी डोकं आपटून घेत होते, आणि हे... हे घरात होतं? मुदतीचा ताप कुठून आला ते आज कळलं मला!"

हेच. हेच ते वाक्य, जे ती दोन वर्षं स्वतःच्या तोंडून स्वतःला ऐकवत आली होती, स्वयंपाक करताना, पट्ट्या धुताना, देवापुढे वात लावताना. ते आज कुणीतरी मोठ्याने बोललं — आणि नवल असं की मोठ्याने बोललेलं ते एवढंसंच निघालं. मनात केवढं होतं! प्रेमलाने वर पाहिलं.

"ताप आला तेव्हा भोकं होती, अक्का. आणि ते उठून बसले, भात मागून जेवले, तेव्हाही भोकं होतीच. मी एकही बुजवलं न्हाई." परळ तिने अजून हातातच धरलं होतं. "आणि महादेवाच्या पिंडीवर गळती टांगता, श्रावणभर थेंब थेंब पाणी पडतं, त्या भांड्याला काय असतं? भोकच असतं की! ते नसतं तर अभिषेक कसा झाला असता? भोक हाय म्हणून हा वड जिता हाय. मघाशी मी भिऊन ते बुजवलं, नैवेद्याच्या कणकेनं बुजवलं, आणि तो तुमच्यादेखत मरायला लागला होता. ह्याला मी देवघरात देणार न्हाई. मारून देव करायचा असंल तर दुसरा बघा."

गळतीचं हे तिला आधी कधी सुचलंच नव्हतं. ते आत्ता, बोलता बोलता, तोंडातून आलं, आणि तिचं तिलाच इतकं पटलं की ती क्षणभर थांबून त्याच्याकडे बघत राहिली. दोन वर्षं एवढी भ्याले, आणि गळती तर दर सोमवारी डोळ्यांसमोर होती.

कोपऱ्यातल्या दोघी जणींनी आपापली तबकं उचलली, पदर सावरले आणि कुणाकडे न बघता कडी काढून निघून गेल्या. अक्का भिंतीला टेकून उभी होती. आता सगळ्याच जातील, प्रेमलाला वाटलं. जाऊ देत. माझी झाडं आहेत.

पण लक्ष्मम्मा खाली वाकल्या, धापा टाकत, आणि परळाखालून गळणाऱ्या थेंबाखाली त्यांनी तळहात धरला. थेंब जमू दिले. मग हात डोळ्यांना लावला. "तीर्थच झालं की हे," त्या म्हणाल्या. "इंदू, परात आण बाई, असं वाया नको जायला. आणि तुझा तांब्या ऱ्हायलाय, घाल लवकर. उपाशी हाय मी सकाळपासून, कुणी बोलत कसं न्हाई?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. इंदूने परात आणली, परळ परातीत दोन विटांवर चढवलं, आणि भीत भीत पाणी घातलं. वरून घातलं, खालून आलं. बायकांनी पुढे सरकून ते बोटांनी घेतलं, कपाळाला लावलं.

"सूत?" इंदूने प्रेमलाकडे बघून विचारलं. प्रेमलाकडे. अक्काकडे नव्हे.

"झाडाला नको, परळाला गुंडाळ," प्रेमला म्हणाली. आणि मग स्वतःच्या धिटाईने थोडी चकित होऊन तिने खोडाला आवळलेलं सूत फेऱ्याफेऱ्याने उलटं सोडवलं, अक्काचं आणि लक्ष्मम्मांचंही, तुटू न देता, आणि परळाच्या टवका उडालेल्या कडेभोवती नीट बसवून दिलं. बायका एकामागून एक फिरल्या, तांबडं परळ पांढरं होत गेलं आणि वड मधोमध मोकळा उभा राहिला. अक्का मात्र आत गेली ती परत आली नाही. स्वयंपाकघरातून भांडी जरा जोरात ठेवल्याचे आवाज येत राहिले. हे भांडण पुष्कळ दिवस चालणार होतं. संध्याकाळी रेणुकादासांच्या कानावर जाणार होतं, आणि ते काय म्हणतील हे तिला खरंच माहीत नव्हतं. पण प्रेमलाला भीती शोधूनही सापडेना. छाती नुसती भरून आली होती, जत्रेत कुस्ती मारलेल्या गड्याला वाटत असेल तसं काहीतरी.

सगळ्यांच्या शेवटी ती स्वतः उभी राहिली. सूत गुंडाळलं, हात जोडले. जन्मोजन्मी हाच पती मिळो, असं ओठ नेहमीचं बोलून गेले, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. करपलेली आमटी न बोलता जेवणारा माणूस होता तो. पण डोळे खोडाकडे होते. अंगठ्याएवढं खोड. हे मनगटाएवढं व्हायला किती वर्षं? मुळं मातीवर बोटांसारखी पसरायला? ही पारंबी खाली टेकायला, तिची दुसरी खोडं व्हायला, साल भेगाळायला, आणि कुणीतरी दारात थबकून, केवढं म्हातारं झाड हे, असं म्हणायला? चाळीस वर्षं तरी हवीत. पन्नास मिळाली तर ती काही नको म्हणणार नाही... आणि तिच्या लक्षात आलं की ती मागत होती. हात जोडून, वटपौर्णिमेच्या दिवशी, वडासमोर उभी राहून ती वर्षं मागत होती आणि ती स्वतःसाठी मागत होती.

असलं कुणी मागतं का? इथे उभी राहिलेली प्रत्येक बाई हेच मागून गेली की कुंकू लावून जाऊ दे, त्यांच्या आधी जाऊ दे. माझी आई तेच मागायची, अक्का तेच मागते. मीसुद्धा मागच्या वर्षापर्यंत... आणि चाळीस वर्षं म्हणजे काय, याचा अर्थ काय होऊ शकतो, तो अर्थ तिच्यासमोर येऊन उभा राहिला, पांढऱ्या कपाळाचा. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्यांनाही दे, ती घाईने म्हणाली, त्यांनाही तेवढीच दे, अगदी तेवढीच — पण माझी परत घेऊ नको. हे शेवटचं ती दोनदा म्हणाली.

दुपारी मागच्या भिंतीवरून जोहराने डोकं काढलं. तिने सगळं ऐकलं होतं. भिंती पातळ होत्या आणि अक्काचा आवाज मोठा. उरलेल्या पाच परळांजवळ बसून प्रेमला एकेकाखाली बोट घालून बघत होती, काही कारण नसताना.

"क्या बाजी, शेरनी हो गए तुम तो!" जोहरा हसत म्हणाली. "अच्छा बोलो, झाड से क्या माँगे?"

"उमर," प्रेमला म्हणाली.

"मास्तरसाब की?"

चिंचेच्या परळाखाली प्रेमलाचं बोट थांबलं. जोहरा वाट बघत होती, भिंतीवर हनुवटी टेकून. खरं सांगितलं तर ती काय म्हणेल, ते कळत नव्हतं. पाप झालं की काय झालं, तेही कळत नव्हतं. इतकंच कळत होतं की पोट उपाशी होतं, डोक्यावर ऊन होतं, आणि पुढची चाळीस वर्षं तिला भुकेसारखी हवी होती. आणि जोहराच्या प्रश्नाला ती नुसतीच हसली, हसतच राहिली.